पापा ओत्सिन हजर आहेत

पापा ओत्सिन गेल्याची बातमी आली तेव्हा अँटोबाम मास्तर दुकानाच्या पायरीवर उभे राहून केंकीवरची, म्हणजे मक्याच्या उकडलेल्या गोळ्यावरची, पानं सोलत होते. अशी बातमी ऐकल्यावर माणसानं आधी हळहळावं, निदान हातातला घास तरी खाली ठेवावा, एवढी रीत मास्तरांना ठाऊक होती. पण त्यांच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते असे: "मग आता दुकानाचं कसं?"

हे शब्द त्यांनी पुढं अनेकदा परत गिळून पाहिले. जमलं नाही. त्यांची बायको, आंटी एस्सी, मागंच उभी होती आणि तिचे कान तरुण होते.

दुकान म्हणजे अँटोबाम फार्मसी. एनाकुमाच्या मासळीबाजाराला पाठ लावून उभी, निळ्या दरवाजाची. जन्मभर पोरांना नद्या आणि पर्वत शिकवून मास्तर निवृत्त झाले आणि आयुष्याची सगळी पुंजी त्यांनी या दरवाजाच्या आत ओतली. आता कायदा असा आहे, की फार्मसीचा मालक कुणीही असू शकतो. भूगोलाचा मास्तर असो, कोंबड्यांचा व्यापारी असो, नाहीतर साक्षात बिशप असो, कायद्याला त्याचं काही नाही. मात्र दुकान उघडं असेतोवर एक सनदी फार्मासिस्ट आत बसलेला हवा. सनद भिंतीवर, फार्मासिस्ट खुर्चीत. दोन्हींपैकी एक नसेल तर दार लावायचं. मास्तरांच्या दुकानात त्या सकाळी सनद भिंतीवर होती, आणि फार्मासिस्ट जिल्हा इस्पितळाच्या शवागारात.

पापा ओत्सिन जिवंत होते तेव्हाही मास्तरांना त्यांचा फार आनंद होता अशातला भाग नाही. पांढरा कोट, बाटलीच्या बुडासारखा चष्मा, वेताची खुर्ची. दिवसभर पेंगायचे. पण कुणी चुकीचं औषध मागितलं की एक डोळा उघडायचा आणि शब्द यायचा, "नाही." की डोळा बंद. मास्तर रात्री हिशेब करताना बायकोला म्हणायचे, "लोकांच्या दुकानात साबण खपतो, साखर खपते. आपल्याकडं सगळ्यात जास्त खपतं ते 'नाही'. आणि तेही फुकट!"

या 'नाही'चं सर्वांत जुनं गिऱ्हाईक म्हणजे मामी अराबा. बाजारात धुरावर मासे सुकवणारी, अंगानं दणकट, तोंडानं त्याहून. मंगळवारी आमच्याकडं होड्या समुद्रात जात नाहीत, त्यामुळं तिच्या भट्ट्या थंड असायच्या आणि ती दुकानात यायची. प्रेशरच्या गोळ्या पापा बिनबोभाट द्यायचे. मग ती काउंटरवर कोपर टेकवायची.

"पापा, ती लाल-पिवळी कॅप्सूल. दोन द्या. गुडघे मोडलेत हो माझे."

"नाही."

"बरं, एक?"

"अराबा, तू प्रेशरची गोळी घेतेस. ती आणि ही एका पोटात नांदत नाहीत. गरम पाण्यानं शेक."

"शेक? मी जन्मभर भट्टीपुढं शेकतेच आहे! आता उलटून दुसऱ्या बाजूनं शेकू का?"

"शेक," म्हणायचे पापा, आणि घोरू लागायचे.

तर असा माणूस गेला. मास्तर कोट झटकून सरकारी खबर द्यायला निघणार, तोच दारात कर्ते एदुफुल येऊन उभे राहिले. पापांच्या आईकडच्या घराण्याचे हे प्रमुख. आमच्यात माणूस जिवंत असेतोवर बायकोचा, मुलांचा, फार्मसीचा, कुणाचाही असतो. मेला की आईच्या घराण्याचा. एदुफुल बुटके, पण हातातली काठी उंच होती.

"मास्तर, कुठं निघालात?"

"फार्मसी कौन्सिलला कळवायला, की पापा ओत्सिन वार—"

काठी आपटली. "कोण वारलं? गावच्या प्रमुखाच्या, नानांच्या वाड्यावर दारूची बाटली घेऊन आम्ही गेलो का? दवंडी पिटली का? घराण्यानं जाहीर केल्याशिवाय तो मेलाय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच आत्ता सकाळी निरोप धाडलात—"

"तो घरगुती निरोप होता."

"पण कायद्यानं कौन्सिलला लगेच कळवावं लागतं हो."

"कौन्सिल त्याच्या आईकडची का?" एदुफुलनी विचारलं. "हे बघा. घराण्याच्या घराला छप्पर घालायचंय. पाहुण्यांनी काय गळक्या घरात रडायचं? भाची लंडनहून यायचीय. तिला सुट्टी मिळायची आहे. तोवर तो इस्पितळात आहे, थंड आहे, सुखात आहे. आमच्याआधी तुमच्या तोंडून सरकारला कळलं, तर आमची अब्रू गेली असं समजा, आणि तुमची मी घेईन."

जाताना ते पापांच्या खोलीला रिवाजाप्रमाणं कुलूप ठोकून गेले. आत पापांची विजार होती, आणि विजारीच्या खिशात दुकानातल्या विषारी औषधांच्या कपाटाची किल्ली. ही गोष्ट मास्तरांना संध्याकाळी आठवली, आणि त्यांना दुसऱ्यांदा दुःख झालं.

तरी मास्तर सरळ माणूस. दुकान बंद करून ते त्रोत्रोत, म्हणजे खच्चून भरलेल्या भाड्याच्या व्हॅनमध्ये बसून कौन्सिलच्या विभागीय कचेरीत गेले आणि तिथल्या कारकुनाला, कुणाचंही नाव न घेता, नुसता भूगोलातला प्रश्न विचारावा तसं विचारलं, की समजा, एखाद्या दुकानाचा फार्मासिस्ट, समजा, नसला, तर?

"नसला म्हणजे? सोडून गेला?"

"एका अर्थी."

"मग त्याच्या सहीचा राजीनामा आणा."

"सही करण्याच्या तो पलीकडं असला तर?"

कारकून भला होता. त्यानं पेन खाली ठेवलं. "काका, माणूस मेला असेल तर मृत्यूचा दाखला आणा. जिवंत असेल तर माणूस आणा. यातलं एक आलं की जुनं नाव काढू, मग नव्याचं घालू. तोवर दुकान बंद."

माणूस आणण्यासारखा नव्हता. आणि दाखल्याचं नाव काढताच एदुफुल गरजले, की सरकारी वहीत नाव चढलं म्हणजे जाहीरच झालं की! छपराच्या आधी दाखला नाही. छप्पर कधी? पत्रे आल्यावर. पत्रे कधी? भाचीनं पाठवल्यावर. एकूण काय, एका म्हाताऱ्या फार्मासिस्टचं मरण लंडनमधल्या कुणाच्या तरी रजेच्या अर्जावर अडकून पडलं होतं.

मास्तरांनी आठवडाभर दार लावून पाहिलं. पण औषधाचं दुकान लावून बसणं हे शाळा लावून बसण्यासारखं नसतं. शाळा बंद झाली तर निदान पोरं तरी खूश होतात. इथं रोज कुणीतरी दार वाजवायचं. तापानं फणफणलेलं पोर पाठीला बांधून बाया यायच्या. दुसरी फार्मसी म्हणजे त्रोत्रोचा अर्धा दिवस. शेवटी एका सकाळी आंटी एस्सीनंच कडी काढली.

"हे बेकायदा आहे," मास्तर म्हणाले.

"असू दे. ते पोर कायदेशीर मरायला हवंय का तुम्हाला?"

तेव्हा दुकान उघडलं ते चांगल्या मनानं उघडलं, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं चांगल्या मनानंच झालं. चांगल्या मनानं काय काय होऊ शकतं याचा अंदाज मास्तरांना नव्हता.

समोरच्या फिफी न्हाव्यानं सल्ला दिला. त्याचा सल्ला दाढीबरोबर फुकट असतो. "मास्तर, तपासणीची बाई आली तर खुर्ची रिकामी दिसेल ना! पापांचा कोट खुर्चीवर चढवा. खिशाला चष्मा लावा. कुणी विचारलं तर 'आत्ताच उठून गेले.' आत्ताच म्हणजे कधी, ते कोण मोजतंय?"

मास्तरांनी त्याला झिडकारलं. मास्तर म्हणजे तत्त्वाचा माणूस. दुसऱ्या दिवशी कोट खुर्चीवर होता.

आणि इथून पुढं जे झालं ते एनाकुमात कुणालाही विचारा. गिऱ्हाइकं कोटाला रामराम करू लागली. पापा गेलेत हे बाजारात एकूणएक माणसाला ठाऊक होतं, पण घराण्यानं जाहीर केलं नव्हतं ना, मग कसं म्हणायचं? तेव्हा लोक आत येऊन अदबीनं वाकत, "पापा, बरे आहात?" म्हणत, आणि कोट बरा असे. खोकल्याच्या औषधाची नशा करणारा एक मोटारवाला तीन बाटल्या मागायला आला. बोट वर केलं, नजर खुर्चीवर गेली, बोट खाली आलं. "तीन... म्हणजे एक... म्हणजे राहू दे, प्यायच्या पाण्याची पिशवी द्या." त्याच्या म्हणण्याप्रमाणं कोटाची बाही हलली होती. वाऱ्यानं हलली असेल, असं मास्तर सांगत. पण त्या दिवशी वारा पडला होता, आणि पंख्याचं म्हणाल तर गावात सकाळपासून वीजच नव्हती.

मास्तरांना हे अगदीच मानवलं नाही. माणूस मेला, पण 'नाही' मेलं नव्हतं! उलट पूर्वी पापा जेवायला तरी घरी जायचे. कोट जेवतही नव्हता.

मग एक मंगळवार आला. मामी अराबा काउंटरवर कोपर टेकवून उभी राहिली. गुडघे, कंबर, पाठ अशी यादी झाली. मग तिनं खुर्चीकडं चोरटं पाहिलं आणि आवाज उतरवला.

"मास्तर, याच्यासमोर मला मागवत नाही. खुर्ची जरा फिरवा ना."

"हा नुसता कोट आहे, मामी."

"मग फिरवायला काय झालं?"

बरोबर होतं. मास्तरांनी खुर्ची भिंतीकडं फिरवली. मामी अराबानं सुस्कारा सोडला, जसं काही अर्धा आजार तिथंच बरा झाला. मास्तरांनी लाल-पिवळ्या कॅप्सूलची पट्टी काढून तिच्या हातावर ठेवली. पुढल्या मंगळवारी ती चालत नाही, जवळजवळ नाचत आली.

"मास्तर, तुम्हीच खरे डॉक्टर! तो म्हातारा उगाच मला शेकत होता."

खरे डॉक्टर! जन्मभर ज्याला पोरांनी मागून 'नकाशा' म्हटलं, त्या माणसाला बाजाराच्या मधोमध कुणीतरी डॉक्टर म्हटलं. मास्तरांच्या छातीत काहीतरी फुललं, ते रात्री जेवताना खाली बसलं नाही. त्यानंतर दर मंगळवारी तेच. "खुर्ची फिरवा ना, मास्तर." खुर्ची फिरे. पट्टी निघे. आंटी एस्सी बघत असे, आणि भांडी जरा जोरात घाशी.

अशात तपासणीची बाई आली. डाडझी बाई, तरुण, चपटे बूट, आवाज मऊ. मऊ आवाजाच्या तपासनिसाला मास्तर जास्त घाबरत. सुदैवानं वार शुक्रवार होता आणि खुर्ची सरळ होती. बाईंनी परवाना पाहिला, सनद पाहिली, मुदत संपलेल्या औषधांची पेटी उपडी केली, फ्रीज उघडून आतला तापमापक डोळ्याशी धरला.

"विषारी कपाटाची किल्ली?"

"पापा ओत्सिनकडं असते. ते कुणाला देत नाहीत."

"शाबास! असंच हवं. मी सगळीकडं बघते, किल्ली कपाटालाच लटकलेली असते. आणि ते कुठं आहेत?"

"आत्ताच उठून गेले," मास्तर म्हणाले. बाहेर फिफी न्हाव्यानं वस्तरा थांबवून कान दिला.

"अरेरे, भेट चुकली. मी त्यांच्या हाताखाली शिकले हो. इस्पितळात पहिल्याच दिवशी मी एका बाईला चुकीची मात्रा बांधून देत होते. 'नाही' म्हणाले. एवढंच. मी संडासात जाऊन रडले. पण ती बाई अजून जिवंत आहे." त्यांनी पुढं होऊन कोटाची कॉलर नीट केली. "त्यांना सांगा, डाडझी आली होती."

"सांगतो," मास्तर म्हणाले. बाई गेल्यावर त्यांनी खरंच कोटाकडं बघून सांगितलं, असं आंटी एस्सी शपथेवर सांगते.

तपासणीत दुकानाला उत्तम शेरा मिळाला. पापा हयात असताना कधी मिळाला नव्हता.

डाडझी बाई पुन्हा आल्या त्या नेमक्या मंगळवारी. मामी अराबा त्या दिवशी आली नव्हती. गेल्याही मंगळवारी तिनं पोराच्या हाती पट्टी मागवली होती. पण मास्तरांनी सवयीनं खुर्ची सकाळीच फिरवून ठेवली होती.

"ही भिंतीकडं का?"

"पापा प्रार्थना करतात," मास्तर म्हणाले. खोटं बोलायला सुरुवात केली की माणूस धार्मिक होतो.

"आणि आता कुठं आहेत?"

मास्तरांना एकाएकी सगळ्याचा वीट आला. कोटाचा, न्हाव्याचा, लंडनच्या भाचीचा. आता खोटं बोलायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं. "जिल्हा इस्पितळात आहेत," ते म्हणाले.

"आजारी? आणि मला कळवलं नाही? कोणत्या वॉर्डात?"

"ते... थंड बाजूला आहेत."

"म्हणजे मागच्या बागेकडं. समजलं!" बाई गडबडीनं निघाल्या. मास्तर आतल्या खोलीत येऊन बायकोला म्हणाले, "एस्सी, मी एक शब्दही खोटा बोललो नाही."

"बोलला असतात तर बरं झालं असतं," आंटी एस्सी म्हणाली.

डाडझी बाईंनी वाटेत दुधात घालायच्या मायलोचा मोठा डबा घेतला, दुधाचे डबे घेतले, पाव घेतला. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जाणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. पुरुषांच्या वॉर्डात पापा ओत्सिन नव्हते. म्हणून त्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात गेल्या. तिथून क्षयाच्या. तिथल्या नर्सनं डोळ्यांच्या वॉर्डात धाडलं, कारण चष्मा जाड होता असं बाईंनी सांगितलं. तिथं एका मोतीबिंदूवाल्या म्हाताऱ्यानं आपणच ओत्सिन असल्याचं सांगून पाव ठेवून घेतला. शेवटी मागच्या बागेकडं, जिथं जनित्र कधी बंद पडत नाही आणि अख्ख्या जिल्ह्यात फक्त तिथलंच तापमान रात्रंदिवस बरोबर असतं, तिथं दारात एक माणूस शेंगदाणे खात बसला होता.

"ओत्सिन? चष्मेवाले? आहेत की," तो उठत म्हणाला. "तुम्ही लंडनच्या भाची का? लवकर आवरा हो. ईस्टरच्या आधीपासून आहेत ते आमच्याकडं."

बाई परत आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. मास्तर काउंटरमागं उभे होते. बाईंनी मायलोचा डबा आणि दुधाचे डबे एकेक करून वेताच्या खुर्चीवर ठेवले. मग खुर्ची फिरवून सरळ केली. ओरडल्या नाहीत. मास्तर ओरडण्याची वाट बघत राहिले.

"कधीपासून तुम्ही एकटे औषधं देताय, हे मला आता विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "ते कळलं. हा खोका रिकामा आहे, हे सांगा." त्यांचं बोट लाल-पिवळ्या कॅप्सूलच्या खोक्यावर होतं. "मागच्या वेळी मी आले तेव्हा तो भरलेला होता. कुणी नेल्या?"

"एकाच गिऱ्हाइकानं. गुडघे दुखतात तिचे."

"आणखी काय घेते ती?"

"प्रेशरच्या गोळ्या."

डाडझी बाई खाली बसल्या. खुर्चीवर नाही, औषधाच्या खोक्यावर. "दोन्ही? रोज?"

"तिला बरं वाटायचं," मास्तर म्हणाले. "ती नाचत यायची."

"आता येते का?"

बोलली आंटी एस्सी, दारातून. "तिचे पाय सुजलेत. भट्टीवर माणूस लावलाय. तोंडही सुजलंय म्हणतात. मी ह्यांना दोनदा सांगितलं, तर म्हणाले, 'म्हणजे कॅप्सूल वाढवायला हवी.'"

हे वाक्य आपण बोललो होतो, हे मास्तरांना तोवर आठवतच नव्हतं.

मामी अराबा भट्ट्यांच्या मागं चटईवर पडली होती. धूर, माशा, आणि तिचा चेहरा एवढा भरलेला की ओळख पटायला क्षण गेला. बाईंनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, आणि तसाच राहिला.

"आज मंगळवार, नाही का?" मामी अराबा म्हणाली. "मास्तर, घरपोच आणलीत?"

तिला बाईंच्या गाडीतून इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडं गेली. रक्त धुणारं यंत्र असतं, पण ते यंत्र दूर राजधानीत, अक्रात आणि मामी अराबा एनाकुमात. मुलांनी तिला दोनदा नेऊन आणलं. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, "पुरे. प्रवासानंच मरेन, आणि वाटेत मासे महाग आहेत."

दुकानाला सील लागलं. निळ्या दारावर कागद चिकटला. मास्तरांचे जुने विद्यार्थी येता-जाता थांबून तो मोठ्यांदा वाचत. "पुढील आदेशापर्यंत म्हणजे किती, सर?" एकानं विचारलं, ज्याला मास्तरांनी एकदा विषुववृत्त न सापडल्याबद्दल बाकावर उभं केलं होतं, तोच. फिफी न्हाव्यानं दुकानापुढून आपली खुर्ची हलवली, आणि मी असला सल्ला दिलाच नव्हता, असं तो आता प्रत्येक दाढीबरोबर सांगू लागला. ही एवढी मानहानी मास्तरांनी सोसली, कारण ती सोसता येण्यासारखी होती. मंगळवार मात्र सोसत नसे. मंगळवारी ते घरातल्या घरात खुर्च्या सरळ करीत फिरत.

आणि मग, सगळं होऊन गेल्यावर, छप्पर झालं.

भाचीला रजा मिळाली. दवंडी पिटली, नानांकडं बाटली गेली, पोस्टरं लागली, आणि पापा ओत्सिन अखेर अधिकृतपणे वारले. कर्ते एदुफुल मास्तरांच्या घरी आले. काठी आज मऊ टेकली.

"मास्तर, आम्ही त्याला अंत्यदर्शनासाठी बसवणार आहोत. पडून असलेला फार्मासिस्ट काय दाखवायचा! त्याचा कोट, त्याची खुर्ची आणि तुमचा तो काउंटर द्या. काचेच्या बरण्याही द्या. तसंही तुमच्याकडं नुसतं धूळ खात पडलंय."

"सील आहे, कर्ते. सरकारचं."

"सरकार त्याच्या आईकडचं—" एदुफुलनी सुरुवात केली, मास्तरांच्या तोंडाकडं पाहिलं आणि वाक्य अर्ध्यावर सोडलं.

तेव्हा मास्तर पुन्हा त्रोत्रोत बसून त्याच कारकुनाकडं गेले. मयताला बसवण्यासाठी सील केलेल्या दुकानातलं सामान काढायची परवानगी, असा अर्ज त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. कोणत्या पेटीत टाकावा हे त्याला कळेना. शेवटी डाडझी बाई स्वतः आल्या, सील काढलं, खुर्ची, कोट, काउंटर, बरण्या, भिंतीवरची सनदसुद्धा बाहेर जाऊ दिली, आणि पुन्हा सील लावलं. मायलोचे आणि दुधाचे डबे अजून खुर्चीवर होते, ते उचलून मास्तरांच्या नाही, आंटी एस्सीच्या हातात दिले.

अंत्यविधीच्या पहाटे सुतकाच्या लाल-काळ्या कपड्यांतली माणसं नव्या पत्र्यांखाली रांगेनं आत सरकत होती. समोर काउंटर. काउंटरवर बरण्या आणि सनद. आणि मागं वेताच्या खुर्चीत, पांढऱ्या कोटात, चष्मा लावून, ताठ बसलेले पापा ओत्सिन. फिफी न्हाव्यानं दाढी सुरेख केली होती. खोलीचं कुलूप उघडल्यावर सापडलेली कपाटाची किल्ली घराण्यानं त्यांच्या गळ्यात बांधली होती. मास्तरांना मालक म्हणून खुर्चीच्या मागं उभं केलं होतं. एदुफुलच्या मते तो मोठा मान होता.

डाडझी बाई रांगेतून आल्या. काउंटरपुढं थांबल्या. सनद होती, किल्ली होती, माणूस होता.

"आज पहिल्यांदा," त्या हळूच म्हणाल्या, "या दुकानात सगळं नियमाप्रमाणं आहे." आणि अंगावरच्या कापडाच्या टोकानं डोळे टिपत पुढं गेल्या.

मग दाराशी गलबला झाला. मामी अराबाला तिच्या मुलांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आणलं होतं. रांगेनं वाट दिली. मुलांनी खुर्ची काउंटरपुढं टेकवली. तिनं मोठ्या कष्टानं एक कोपर काउंटरवर टेकवलं, सवयीच्याच जागी.

"पापा," ती म्हणाली, "एक द्या हो. लाल-पिवळी. एकच. आता काय बिघडायचंय?"

तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण त्या दिवशी तिथं हजर असलेला प्रत्येक माणूस सांगेल, की म्हाताऱ्यानं नेहमीचंच उत्तर दिलं. ऐकू नाही आलं. पण दिलं. मामी अराबाला तरी कळलं, कारण तिनं मान हलवली आणि नजर वर, खुर्चीच्या मागं उभ्या मास्तरांवर नेली.

"ऐकतच नाही हा," ती म्हणाली. "मास्तर, खुर्ची जरा फिरवा ना."

मास्तरांचे हात आपोआप खुर्चीच्या पाठीवर गेले. वेत थंड होता. एवढे मंगळवार या हातांनी हेच काम केलं होतं, त्यांना ते पाठ होतं. आंटी एस्सी बायकांच्या रांगेतून बघत होती. मास्तरांनी हात काढून घेतले आणि पाठीमागं एकमेकांत घट्ट अडकवले.

"नाही," ते म्हणाले.

दुकान उघडल्यापासून त्यांनी कुणालाही म्हटलेलं ते पहिलं 'नाही' होतं. आवाज फाटला, पण शब्द पुरता बाहेर आला.

मामी अराबा त्या सुजलेल्या डोळ्यांनी त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं काउंटरवरचं कोपर काढून घेतलं.

"आत्ता म्हणता होय?" ती म्हणाली, आणि खुर्ची उचला म्हणून मुलांना खूण केली.